राहेलीचं रडणं

२८ डिसेंबरला घरात करंज्यांचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, गव्हाणीत बाळ येशू हसत असतो, आणि देवळात धर्मगुरू लाल वस्त्रं घालून वेदीपाशी येतात. लाल रंग रक्तसाक्ष्यांचा. नव्या राजाच्या धास्तीने हेरोदाने बेथलेहेमातले आणि पंचक्रोशीतले दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारून टाकले, त्या निष्पाप बालकांचा हा दिवस. नाताळला तीनच दिवस झालेले असतात.

लूकच्या शुभवर्तमानात हेरोदाचे शिपाई नाहीत, पण तलवार आहे. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. ऐपत असती तर कोकरू अर्पण केलं असतं. त्यांच्या वाट्याला नियमशास्त्राने गरिबांना दिलेली सवलत आली, दोन पाखरांची. तिथे शिमोन नावाच्या भक्ताने बाळाला हातांत घेतलं, आता सुखाने डोळे मिटतो म्हणाला, आणि मग मरीयेकडे वळून सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. चाळीस दिवसांची बाळंतीण ती.

हेरोदाची गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार मत्तय बेथलेहेमच्या आयांसाठी यिर्मया संदेष्ट्याच्या शब्दांकडे जातो. रामा गावातून राहेलीचा हंबरडा ऐकू येतो, असं यिर्मयाने म्हटलं होतं. राहेल ही याकोबाची बायको. बेथलेहेमच्या वाटेवर दुसऱ्या बाळंतपणात ती गेली, आणि जाता जाता लेकाचं नाव ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ असं ठेवून गेली. यिर्मयाच्या काळी बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं आणि कैद्यांना साखळदंड घालून याच रामामध्ये आणलं. त्यांत तो स्वतःही होता.

त्याच अध्यायात पुढे देव राहेलीला म्हणतो, रडू आवर, लेकरं परत येतील. मत्तय तिथवर जात नाही. सांत्वन नको म्हणणाऱ्या आईपाशीच तो थांबतो. त्या थांबण्यात मला फार मोठी माया दिसते. ज्यांची मुलं गेली त्यांना ‘हे लिहिलेलंच होतं’ म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं. पाप हेरोदाचं होतं. मत्तय ते देवाच्या माथी मारत नाही. तो फक्त त्या आयांच्या शेजारी राहेलीला आणून बसवतो.

आणि योसेफाने रातोरात मिसर देशाकडे नेऊन वाचवलेलं ते एक बाळ? त्यालाही सूट नव्हती. तीसेक वर्षांनी यरुशलेमच्या वेशीबाहेर तो क्रूसावर गेला, आणि शिमोनाने सांगितलेली तलवार मरीयेपर्यंत पोचली. आपला तारणारा दुःखाला वळसा घालून आला नाही, म्हणूनच पुनरुत्थानाच्या आशेवर मला भरवसा ठेवता येतो. लेकरं परत येतील हे वचन खरं होईल, असा माझा विश्वास आहे. तोवर कुठल्याही राहेलीला ‘रडू नकोस’ म्हणायचा अधिकार मला नाही. तिच्यापाशी बसण्याचा, आणि आजच्या हेरोदांना हेरोद म्हणण्याचा मात्र आहे.