जिवतीच्या अक्षता आणि आकाशांतील लेकी

श्रावणांत घरोघरीं देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लावितात, तो वाचकांच्या परिचयाचा आहेच. नृसिंह, कालियामर्दन करणारा श्रीकृष्ण, मुलें खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि त्यांच्यासह बुध व बृहस्पति; एक हत्तीवर, दुसरा वाघावर. हे शेवटचे दोघे आकाशांतील ग्रह होत. म्हणजे आमच्या आयाबहिणी श्रावणांतल्या दर बुधवारीं आणि गुरुवारीं ग्रहपूजन करीत आल्या आहेत. मात्र त्यांचा आणि आकाशाचा संबंध तेवढ्यापुरताच, असें आम्ही पुरुष धरून चाललों होतों.

शुक्रवार, दि. २३ ऑगस्ट २०२४ हा श्रावणी शुक्रवार होता, आणि योगायोगानें पहिला राष्ट्रीय अंतराळ दिनहि होता. आदल्या वर्षीं त्याच तारखेस चांद्रयान-३ चें विक्रम हें अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत सुखरूप उतरलें, त्याच्या स्मरणार्थ हा दिवस नेमला गेला. आमच्या जुन्या जालन्यांतील स्त्रियांनीं दोन्ही कार्यें एकत्र करण्याचें योजिलें. देवळाच्या सभामंडपांत जिवतीचें हळदीकुंकू, गूळ-फुटाणे, दूध, आणि त्यानंतर अंतराळसंशोधन करणाऱ्या स्त्रियांचा गौरव. अध्यक्षस्थानीं आम्हांस बसविलें. मॅट्रिकपुढें न गेलेल्या, जन्मभर मुलांकडून शब्दरूपावली घोकून घेतलेल्या पंतोजीचा येथें काय संबंध, असें कोणी विचारील, आम्हींहि विचारलें. "शुक्रवारीं संध्याकाळीं मोकळे असे तुम्हीच सांपडलांत, गुरुजी," असें सरळ उत्तर मिळालें.

पहिलीं दोन भाषणें आम्हांस रुचलीं नाहींत. या स्त्रिया म्हणजे साक्षात् दुर्गा, त्या आदिशक्ति, असा सूर होता. स्त्रीला देवी म्हणणें फार सोयीचें असतें. दोन फुलें वाहिलीं कीं मोकळें होतां येतें. देवीची शिकवणीची फी कोणास भरावी लागत नाहीं.

तिसरें भाषण एका तरुण प्राध्यापिकेचें झालें, आणि सभा सावरून बसली. २०१९ सालच्या चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता व मोहीम संचालक रितु करिधाल. चांद्रयान-३ च्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना के.; आणि २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघून ६ जानेवारी २०२४ रोजीं पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या स्थानीं पोंचलेल्या आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी, इतकीं नांवें तिनें भराभर सांगितलीं. मग ती मंगळयानापाशीं थांबली. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तें यान मंगळाच्या कक्षेंत शिरलें, तेव्हां तेथून पृथ्वीपर्यंत संदेश येण्यास सुमारे १२ मिनिटें लागत होतीं. यानानें "चुकतें आहे" म्हणून कळवावें आणि आपण "असें कर" म्हणून सांगावें, तोंवर चोवीस मिनिटें उलटून सर्व आटोपलेलें असणार. म्हणून वेग केव्हां कमी करावा, एक यंत्र बिघडलें तर दुसरें कोणतें हातीं घ्यावें, हें सगळें यानास आधींच शिकवून ठेवावें लागलें. हें आगाऊ शिकविण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत रितु करिधाल होत्या.

पुढच्या रांगेंतल्या एका आजी मोठ्यानें म्हणाल्या, "मग त्यांत नवल काय? लेक सासरीं धाडतांना असेंच करतात!" सभेंत हंशा पिकला. आम्हांस मात्र वाटलें, इतक्या थोडक्या शब्दांत ही गोष्ट इतर कोणास सांगतां आली नसती.

नंतर शुक्राचा विषय निघाला. आमच्या व्याकरणांत शुक्र पुल्लिंगी, भृगुपुत्र, दैत्यांचा गुरु. पाश्चात्त्यांच्या लेखीं तोच ग्रह व्हीनस, म्हणजे स्त्री. म्हणून त्याच्यावरील विवरांस स्त्रियांचींच नांवें देण्याचा ज्योतिर्विदांचा संकेत आहे. त्यांतील एका विवरास आनंदीबाई जोशी यांचें नांव आहे. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झालेल्या, आणि बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तलेल्या त्याच आनंदीबाई. दुसऱ्या एका विवरास मेधावी म्हणतात, तें पंडिता रमाबाईंवरून. मृतास उठविणारी संजीवनी विद्या ज्याच्यापाशीं होती, त्या शुक्राच्या अंगावर एका मराठी डॉक्टरीणबाईंचें नांव असावें, हें ऐकून आमच्यांतील संस्कृतचा मास्तर सुखावला.

पण तीच कथा पुढें आठवली आणि सुख ओसरलें. संजीवनी विद्या शुक्राचार्यांच्या घरांत होती, आणि देवयानी ही त्याच घरची लाडकी कन्या. शत्रुपक्षाचा कच आला, त्यानें गुरें राखलीं, सेवा केली आणि अखेर विद्या घेऊन गेला. देवयानीनें रडून रडून कचास पुनःपुन्हां जिवंत करविलें; ती विद्या स्वतः तिला मात्र कोणी दिली नाहीं, आणि व्यासांनीं तिच्या तोंडून ती मागविलीहि नाहीं. हें आख्यान आम्हीं कितीएक वर्षें वर्गांत सांगितलें. पुढें कचाचें काय झालें, असें मुलें विचारीत. मुलीहि तेंच विचारीत.

कार्यक्रमाच्या शेवटीं मुलांना ओवाळण्याची वेळ आली. मूल परगांवीं असेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, ही रीत वाचकांस सांगणें नलगे. त्या दिवशीं सुनीता विल्यम्स अंतराळस्थानकांत होत्या. ५ जून २०२४ रोजीं आठवडाभरासाठीं म्हणून गेलेल्या, आणि अडीच महिने झाले तरी परत कशा येणार याचा निर्णय झालेला नव्हता. मघांच्याच आजींनीं विचारलें, "तिच्या अक्षता कोणत्या दिशेला टाकायच्या ग?" प्राध्यापिका बोलली, "आजी, तें स्थानक दीड तासांत पृथ्वीभोंवतीं एक फेरी घालतें, दिवसांतून सोळा वेळां." "म्हणजे चारी दिशा बरोबरच," म्हणून आजींनीं चार चिमटी टाकल्या आणि पांचवी सभामंडपाच्या छताकडे उडविली. कांहीं अक्षता आमच्या टोपीवर पडल्या.

हें सर्व आमची नात ऐकत होती. ती तेव्हां अकरावींत होती. तिरुवनंतपुरम् येथें २००७ सालीं सुरू झालेल्या अंतराळविज्ञान संस्थेंत पदवीस जावें, असा तिचा हट्ट होता, आणि आमच्या एकत्र कुटुंबांत त्यावर महिनाभर खल चालला होता. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आमचे वडीलबंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, म्हणाले, "टाळ्या वाजवणें वेगळें, घरची पोर मुलुखाच्या टोकाला धाडणें वेगळें. कल्पना चावलाचें काय झालें?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया यान उतरण्यास अवघीं १६ मिनिटें उरलीं असतां जळालें, तें दादांनीं दूरदर्शनवर पाहिलें होतें आणि त्या रात्रीं ते जेवले नव्हते. सूनबाई सहसा त्यांच्यापुढें बोलत नाहींत. त्या दिवशीं बोलल्या. "दादा, त्या यानांत सात माणसें होतीं. त्यांतले पांच पुरुष होते. म्हणून कोणी मुलगे धाडायचे थांबले नाहींत."

दादा गप्प बसले. नात म्हणाली, "आजोबा, स्थानक चारशें किलोमीटरवर आहे. आपल्याला मुंबई जवळजवळ तेवढीच. तिरुवनंतपुरम् त्याहून पुष्कळ लांब आहे, हें मात्र मला कबूल." आमच्या गृहिणी आंतून बोलल्या, "अहो, तुम्ही का बोलत नाहीं? अध्यक्ष होतांत ना?" आम्ही म्हणालों, शिकवणीची फी आमच्या निवृत्तिवेतनांतून जाईल, आणि देवयानीची गोष्ट दादांना सांगितली. त्यांना ती आमच्याइतकीच पाठ होती. एवढेंच म्हणाले, "तिनें मागितली नव्हती. ही मागते आहे, हें खरें."

सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनीं, मार्च २०२५ मध्यें परत आल्या, तेव्हां आजींनीं आळींत साखर वांटली. आमच्या घरचा खल पुढेंहि चालू राहिला. पण आक्षेप लहान होत गेले. आधीं अंतर, मग भाषा, मग वसतिगृह. परवां दादांनीं नातीस हांक मारली, आणि चष्मा पुशीत विचारलें, "तिकडे सगळा स्वयंपाक खोबरेल तेलांतच करतात म्हणे, तुला चालेल का तें?"