हाताने केलेले

‘हाताने केलेले’ हे विशेषण आपल्याकडे बहुधा प्रशंसेचे म्हणूनच योजले जाते. रुखवतावर मांडलेली वस्तू असो, वा मुलाने रंगविलेले चित्र असो. ती हाताने केली आहे एवढे सांगितले की तिच्यातील वाकडेपणा क्षम्य ठरतो, नव्हे, कौतुकास पात्र होतो. परंतु हेच विशेषण एका थोर कारागिराने दूषण म्हणून वापरल्याची हकीकत माझ्या वाचनात आली आणि ती काही केल्या मनातून जाईना.

तो कारागीर म्हणजे इंग्लंडातील जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११). दारिद्र्यात वाढलेले आणि घड्याळे दुरुस्त करून पोट भरणारे हे गृहस्थ, अब्राहम-लुई ब्रेगे या जुन्या घड्याळकाराच्या कृतींचा अभ्यास करता करता स्वतःच घड्याळे घडवू लागले. १९६९ साली त्यांनी आपले पहिले घड्याळ पुरे केले. चाके एकाने कापावी, तबकडी दुसऱ्याने कोरावी, पेटी तिसऱ्याने घडवावी, अशी या धंद्यातील जुनी वाटणी. डॅनियल्स यांनी यांपैकी जवळजवळ सर्व कामे स्वतः हस्तगत केली, आणि १९८१ साली ‘वॉचमेकिंग’ हा ग्रंथ लिहून ती विद्या सर्वांस खुली केली.

बोल्टन गावी १९७० साली जन्मलेल्या रॉजर स्मिथ या तरुणाने तो ग्रंथ समोर ठेवून आपले पहिले खिशातले घड्याळ करावयास घेतले. मँचेस्टरच्या शाळेत तो घड्याळाचे काम शिकला होता खरा. पण दुरुस्ती निराळी आणि निर्मिती निराळी. शिवाय त्याने निवडला तो प्रकार ‘तुर्बियाँ’चा. हिची सनद ब्रेगे यांनी १८०१ साली मिळविली होती. खिशातले घड्याळ उभे राहिले म्हणजे त्यातील झोके घेणाऱ्या चाकाचा तोल पृथ्वीच्या ओढीने किंचित बिघडतो. म्हणून ते चाक एका इवल्याशा पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच सावकाश फिरविला की एका स्थितीतील चूक दुसरीत भरून निघते. सामान्य घड्याळ सेकंदास पाच ठोके देते असे धरले तरी दिवसाचे ४,३२,००० ठोके होतात. प्रत्येक ठोक्यात केसाएवढी चूक राहिली तर संध्याकाळपर्यंत तिचे काय होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

स्मिथने ते घड्याळ पुरे केले. ते चालूही लागले. मोठ्या आशेने तो डॅनियल्स यांच्याकडे गेला. त्यांनी ते न्याहाळले आणि अभिप्राय दिला तो असा की, हे हाताने केलेले दिसते. पुन्हा आरंभापासून करावे. कानशीचा माग, कडेचा किंचित असमानपणा, हे सारे करणाऱ्याच्या धडपडीची साक्ष देत होते. खरी कृती अशी हवी की तीत हाताचा मागमूस उरू नये.

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा थोरल्या वहिनी ताडकन म्हणाल्या, “पण भावजी, त्या पोराने तिथेच हत्यारे टाकली असती तर?”

या प्रश्नामागे कारण होते. त्यांच्या धाकट्याने त्याच आठवड्यात सागवानाचे एक उतरते मेज केले होते. घरातील प्रत्येकाने त्याची पाठ थोपटली होती, आणि ते मेज लिहिताना डुगडुगत होते. माझे मत काय, असे त्याने मला विचारले होते. मी अजून दिले नव्हते.

वहिनींची शंका खोटी नव्हे. कठोर शब्दाने मोडून पडलेली मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. परंतु डॅनियल्स यांचा नकार आणि एखाद्या तुसड्या वडीलधाऱ्याचा नकार यांत अंतर आहे. त्यांनी आपली सारी विद्या आधीच लिहून त्या तरुणाच्या हाती दिली होती, आणि पुन्हा कर असे सांगताना हे तुला साधेल हेही त्यात गृहीत धरले होते. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याला आपण गोड बोलून वाटेस लावतो.

स्मिथने दुसऱ्या घड्याळास पाच वर्षांहून अधिक काळ दिला. हात सुधारत गेला तसे आधीचे भाग उणे वाटू लागत. मग ते टाकून पुन्हा करावयाचे. अखेर डॅनियल्स यांनी ते पसंत केले, आणि १९९८ साली त्याला आइल ऑफ मॅन बेटावर आपल्या हाताखाली घेतले. तेच घड्याळ २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४९ लाख डॉलरांस विकले गेले. मला मात्र त्या रकमेहून ती पाच वर्षे अधिक मोलाची वाटतात.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला मी मेजाचा कोणता पाय आखूड आहे आणि कोणता सांधा सैल आहे ते दाखविले, आणि माझा रंधा त्याच्या हाती दिला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. वहिनीही जेमतेमच बोलल्या. तिसऱ्या दिवशी माडीवरून लाकूड तासल्याचा आवाज येऊ लागला. मेज अद्याप पुरे व्हावयाचे आहे, आणि ते कसे उतरेल हे सांगता येत नाही. पण लहानांच्या कामाकडे मोठ्यांनी खरोखर डोळे उघडून पाहावे, हाही वात्सल्याचाच एक प्रकार आहे. आणि तो शाबासकीपेक्षा दोन्ही पक्षांस महाग पडतो, म्हणूनच आपल्या घरांत तो क्वचित आढळतो.