पंचविसाव्या महिन्यातला जन्म

वॉर्सॉच्या राष्ट्रीय स्टेडियमबाहेर, २०२२ च्या मार्चअखेरीस, पहाटे चारच्या थंडीत ती मुलीला शालीत गुंडाळून रांगेत उभी होती. हे शहर तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, पाच वर्षांपूर्वी, बसच्या खिडकीतून. ती बस वॉर्सॉच्या दक्षिणेला ग्रुयेत्सच्या फळबागांकडे चालली होती. युक्रेनमधल्या झितोमिरच्या शाळेत गणित शिकवणारी बाई सुट्टीत चेरी तोडायला पोलंडला जाते, याचं तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. तिच्याच शाळेतल्या आणखी दोघी त्या बसमध्ये होत्या.

२०१७ चा तो उन्हाळा युक्रेनमध्ये उत्साहाचा होता. ११ जूनपासून बायोमेट्रिक पासपोर्ट दाखवून शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं होतं, १८० दिवसांत ९० दिवस. हिंडाफिरायला मुभा, कमवायला नाही. कमवायचं तर पोलंडमध्ये आणखी एक कागद लागे, ‘ओश्व्यातचेन्ये’. म्हणजे घोषणापत्र. अमुक बाईला मी कामावर ठेवणार आहे, असं मालकाने तिथल्या कामगार कार्यालयात नोंदवायचं. युक्रेन, बेलारूस, रशिया, मोल्दोव्हा, जॉर्जिया आणि आर्मेनिया या सहा देशांच्या लोकांना त्या कागदावर बारा महिन्यांत सहा महिने काम करता येई. वर्क परमिटच्या मानाने हे फारच सोपं होतं आणि युक्रेनमधून लाखो माणसं याच वाटेने गेली.

पण कागदावर मालकाचं नाव असे. शेजारच्या बागेत क्रेटमागे जास्त पैसे मिळतात, हे तिला तिसऱ्याच दिवशी कळलं. उपयोग काय? तिकडे जायचं तर नव्या मालकाचा नवा कागद हवा, आणि तो येईपर्यंत चेरी संपलेली असणार. जुन्या मालकालाही हे ठाऊक होतं. तो वाईट माणूस नव्हता, पण तिने दर वाढवून मागितल्यावर नुसता हसला.

मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला आणि रशियाचं आक्रमण सुरू झालं. नवरा मागे राहिला, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. ती मुलीला घेऊन निघाली.

युरोपीय संघाकडे तात्पुरत्या संरक्षणाचा एक नियम बाल्कन युद्धांनंतर, २००१ मध्येच, करून ठेवलेला होता. वीस वर्षांत तो एकदाही वापरला गेला नव्हता. ४ मार्च २०२२ ला तो पहिल्यांदा लागू झाला आणि त्यात राहण्याबरोबर काम करण्याचा हक्कही होता. १२ मार्चला पोलंडने आपला वेगळा कायदा केला. मालकाचं नाव नाही, आधीची मंजुरी नाही, ज्याला जिथे मिळेल तिथे काम करावं. शांततेच्या काळात तिला जे मिळालं नव्हतं, ते घरावरून क्षेपणास्त्रं जाऊ लागल्यावर सहा-सात तासांच्या रांगेत मिळालं. या योगायोगाचं काय करायचं, हे तिला अजून कळलेलं नाही.

स्टेडियमही गमतीचं. पोलंड आणि युक्रेनने मिळून भरवलेल्या २०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी ते बांधलेलं. सलामीचा सामना इथे झाला आणि अंतिम सामना कीव्हमध्ये. आता आत टेबलं मांडून पासपोर्ट तपासणं, फोटो, बोटांचे ठसे असं चाललं होतं. शेवटी हातात पोलंडचा ओळख क्रमांक पडला. त्याचं नाव पेसेल. आकडे अकरा.

गणिताच्या बाईंना आकडे दिसले की राहवत नाही. पहिले सहा म्हणजे जन्मतारीख, हे लगेच लक्षात आलं. दहावा स्त्रीचा असेल तर सम. अकरावा म्हणजे पडताळा. आधीच्या दहा आकड्यांना १, ३, ७, ९ या क्रमाने गुणत जायचं, बेरजेचा एकं दहातून वजा करायचा. तिने तिथेच मनातल्या मनात करून पाहिलं, बरोबर आलं. मुलगी मात्र चक्रावली. २०१० च्या मे महिन्यातला तिचा जन्म, आणि कागदावर महिना २५. दोन हजारनंतर जन्मलेल्यांच्या महिन्यात पोलिश लोक वीस मिळवतात, हे आईला तिथल्या स्वयंसेवकाला विचारून समजून घ्यावं लागलं. त्या दिवशी मायलेकी पहिल्यांदा हसल्या.

पहिलं काम एजन्सीमार्फत, हॉटेलच्या खोल्या साफ करण्याचं. तेव्हाच्या कायद्यानुसार मालकाला फक्त एवढंच करायचं होतं, काम सुरू झाल्यापासून १४ दिवसांत ऑनलाइन कळवायचं. परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. अडीच महिन्यांनी एका ओळखीच्या बाईने तिला सामाजिक विम्याचं खातं उघडून बघायला सांगितलं. खात्यात पहिले दोन महिने कोरे होते. मग जुनी कळवणीही शोधली, तीही नव्हती. एजन्सी म्हणाली, राहून गेलं. चूक एजन्सीची, पण बेकायदा कामगार म्हणून नाव तिचं लागलं असतं. तेव्हापासून नव्या ठिकाणी मुदत संपताच ती कळवणीची प्रत मागते. समोरचा तोंड वाकडं करतो, ती थांबून राहते.

शाळेत काम मिळवायचं तर पदवी दाखवायला हवी, आणि पदवी दाखवायची तर शपथबद्ध अनुवादक हवा. तो पानावर नाही, अक्षरांवर पैसे घेतो. ११२५ अक्षरं म्हणजे एक पान, मोकळ्या जागा धरून. इथे नावाने घोळ घातला. सोव्हिएत काळातल्या जन्मदाखल्यावर नाव रशियनमध्ये, पासपोर्टवर युक्रेनियनवरून रोमन लिपीत. रशियन ‘ग’ युक्रेनियनमध्ये ‘ह’ होतो, म्हणून एकच बाई एका कागदावर ओल्गा तर दुसऱ्यावर ओल्हा. आधार आणि पॅनवरच्या स्पेलिंगपायी ज्यांनी हेलपाटे घातलेत, त्यांना अधिक सांगायला नको.

पोलिश नागरिकत्व नसलं तरी, बोलण्या-लिहिण्यापुरती पोलिश येत असेल तर शिक्षकाची मदतनीस म्हणून शाळेत घेता येईल, अशी सोय त्या खास कायद्यात होती. बागेत शिकलेली तिची पोलिश ‘लवकर’, ‘क्रेट’ आणि ‘जेवणाची सुट्टी’ एवढीच. वर्षभर ती रात्री व्याकरण घोकत बसली. आता ती सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर युक्रेनियन मुलांशेजारी बसते. अपूर्णांक फळ्यावर दुसरंच कोणी शिकवतं. ते चुकीच्या क्रमाने शिकवलं जातं, असं तिचं ठाम मत आहे. ती ते बोलत नाही.

परवानगीला तारीख आहेच. आधी २४ ऑगस्ट २०२३, मग ४ मार्च २०२४, मग ३० जून, मग ३० सप्टेंबर २०२५. फ्रिजवरच्या कागदावर ती एक तारीख खोडते आणि खाली दुसरी लिहिते. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने ४ मार्च २०२७ पर्यंतची मुदतवाढ मंजूर केली, पण पोलंडचा स्वतःचा कायदा येईपर्यंत तिने ती तारीख पेन्सिलीनेच लिहिली.

आणि एक आकडा खोडता येत नाही, तो ३०. पोलंडबाहेर ३० दिवसांपेक्षा जास्त राहिलं की संरक्षणाचा हा दर्जा जातो. त्या ऑगस्टात ती नवऱ्याला आणि आईला भेटायला झितोमिरला गेली. बटाटे काढायचे होते. आई म्हणाली, आणखी पाच दिवस थांब, सगळे निघतील. चोविसावा दिवस होता. पाच मिळवले तरी एकोणतीस होत होते, पण गाडी उशिरा आली, सीमेवर अडकली, तर? सव्विसाव्या दिवशी ती निघाली. बटाटे सीमेपलीकडे नेता येत नाहीत, म्हणून आईने चेरीच्या मुरांब्याच्या दोन बरण्या दिल्या. युक्रेनची रुंद रुळांची गाडी पोलंडमधल्या प्शेमिश्लपर्यंत येते. तिथे उतरून, वॉर्सॉच्या गाडीची वाट बघत, तिने पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख वाचली आणि बोटांवर पुन्हा एकदा दिवस मोजले.