जर्मनचा गंज

पुण्याहून बदलून आलेल्या एका ताईंना आमच्या कॉलनीत पहिल्याच आठवड्यात कोडं पडलं. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विचारत होत्या, "मोठा गंज आहे का जी तुमच्याकडे?" ताईंनी चोरट्या नजरेने खिडकीच्या गजांकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाल्या, "आहे थोडासा. पावसाळ्यात धरलाय. रंग द्यायचाच आहे."

विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात. चहाचा छोटा गंज, वरणाचा मधला गंज, आणि सगळ्यांच्या वर कॉलनीचा गंज. चंद्रपुरात तुकूमच्या पुढे आमची ही वसाहत. वेकोलिवाले (म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सचे), बँकवाले, वनखात्याचे, वीज केंद्राचे, मास्तर, दोन वकील, एक होमिओपॅथ. यातले निम्मे भाड्याचे आणि बदलीचे. तीन वर्षं राहतात, गच्चीत कढीपत्ता लावतात, तो गुडघ्याएवढा झाला की ट्रक बोलावतात. कायमचा रहिवासी म्हणावा असा इथं एकच, आणि त्याच्या नावावर प्लॉट नाही.

पोटाने विशाल, कानाने जाड, दोन कड्यांपैकी एक तुटलेली आणि तिच्या जागी तारेचा वेढा. पन्नास लिटर दूध मावतं. उतू जाऊ द्यायचं नसेल तर चाळीस. म्हणे घ्यायचा होता भंडाऱ्याचा पितळी, पण वर्गणी मोजल्यावर गोल बाजारातून आला जर्मनचा. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्याचा जर्मनीशी काय संबंध, हे विचारायच्या भानगडीत इथं कुणी पडत नाही. कानावर ठिपक्याठिपक्यांनी नाव ठोकलंय: 'शारदा मडळ 1987'. ठोकणाऱ्याने अनुस्वार खाल्ला आणि मंडळाने तो कधी मागितला नाही. गंमत एवढीच की नाव गंज असून त्याला गंज चढत नाही. काळा पडतो, पोचे पडतात, पण गंजत नाही.

स्वभावाने तो झोपाळू. वर्षातले बरेच महिने कोपऱ्यावरच्या आजींच्या जिन्याखाली पालथा पडलेला असतो. मधूनच एखादा साखरपुडा, एखादी तेरवी. तेवढ्यापुरता उठतो आणि परत पालथा. आजी त्याच्या सांभाळकर्त्या. त्यांच्या कालनिर्णयवर एकादशी, संकष्टी, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि गंजाचा मुक्काम एकाच शाईत असतो. 'गंज – बँकवाले.' 'गंज – आला.' 'गंज – वकील (धुवून दिला नाही).'

पावसाने पाठ फिरवली, ऑक्टोबरचं ऊन मानेवर चटके द्यायला लागलं, मूलच्या रस्त्याने धानाच्या बांध्या पिवळ्या दिसू लागल्या आणि 1 तारखेला ताडोबाचा गाभा पर्यटकांना उघडला, की गंजाला जाग येते. तसं पाहिलं तर त्याची पहिली हाक भाद्रपद पौर्णिमेलाच येते, भुलाबाई बसतात तेव्हा. कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज एका घरी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. बाकी गावात डबा वाजवून ओळखतात. आमच्याकडे आजींची पाळी आली की खाऊ पालथ्या गंजाखाली लपवलेला असतो आणि पोरी त्याच्या बुडावर थापा मारून, कान लावून, अंदाज बांधतात. गंज काही सांगत नाही. लाडू ठेवा नाहीतर मुरमुरे ठेवा, तो आपला 'ढम्म' एवढंच बोलतो. पेढा ओळखणाऱ्या पोरीला मात्र तो आतून काहीतरी सांगत असावा असा बाकीच्यांचा दाट संशय.

नवरात्रात शारदेसमोर महाप्रसाद. वांग्याची भाजी, भात, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. हा मजकूर लवकर संपवतो, कारण महाप्रसादात गंज एकटा नसतो. बिछायत केंद्राची भाड्याची भांडी येतात आणि त्यांच्या गर्दीत तो थोडा अबोल होतो. दसऱ्याला त्याला सुट्टी. त्या दिवशी कॉलनी सोनं लुटण्यात आणि तारेवर नीलकंठ दिसतोय का ते बघण्यात गुंतलेली असते.

त्याची खरी रात्र कोजागिरीची.

पूर्वी दूध मैदानात आटायचं. तीन दगड, आडजात लाकूड, पोट्टे गंजाभोवती, बाया गाण्याच्या भेंड्यांत. मैदानापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. मग 2022 चा फेब्रुवारी आला. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला लागोपाठ दोन रात्रींत दोन जीव गेले, एक वाघाच्या हल्ल्यात, एक बिबट्याच्या. दुसरा तर शाळकरी वयाचा पोरगा. त्या वर्षीपासून कोजागिरी गच्चीवर गेली. कुणी ठराव केला नाही, कुणी भाषण केलं नाही. आश्विनात आजी फक्त म्हणाल्या, "यंदा वरती करू."

पण गंजाची रुंदी आणि जिन्याची रुंदी यांचा हिशोब घर बांधणाऱ्याने कधी केलेला नव्हता. पहिल्या वर्षी तो दुसऱ्या वळणावर अडकला. वेकोलितले भाऊ खालून रेटत होते, मास्तर वरून ओढत होते आणि दोघांच्या मध्ये गंज, आडवा, लग्नाला नकार दिलेल्या पोरीसारखा ढिम्म. शेवटी कुणीतरी म्हणालं, तिरपा करा. तिरपा केला, तर सुटला तो थेट भाऊंच्या अंगावर. भाऊंच्या पायाचं नख गेलं आणि गंजाच्या पोटाला पोचा पडला, नारळाएवढा. तो पोचा आता मापाचं काम करतो. "पोच्यापर्यंत दूध ओता" म्हटलं की तीस लिटर.

बिबट्याच्या भीतीने गंजाच्या धुण्यालाही शिस्त आली. वनखात्याची माणसं सांगून सांगून थकतात: उष्टं बाहेर टाकू नका, उष्ट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. म्हणून गंज आता रात्रीच रिकामा होतो, रात्रीच खरवडला जातो. तळाची खरवड हा पोरांचा हक्क. झारे, कालथे, चमचे घेऊन अर्ध्याअर्ध्या अंगाने आत उतरलेल्या पोरांचे बाहेरून नुसते पाय दिसतात.

गच्चीवर दुसरी अडचण निघाली. कोजागिरीच्या दुधात चंद्र पडायला हवा. चंद्रपुरात चंद्राबरोबर आणखीही काही पडतं. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी झटकून बघा म्हणजे कळेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर 83.88 गुण मिळवून चौथं आलं. जिल्ह्यात कोळसा आहे, सिमेंट आहे, वीज आहे, ट्रक आहेत, दगडी कोळशाच्या शेगड्या आहेत. पडणारा कण नेमका कुणाचा, याचा निवाडा दूध आटवता आटवता होत नाही. झाकण ठेवावं तर चंद्र अडतो, उघडं ठेवावं तर राख. यावर आजींनी जुन्या पातळाचा धुवट तुकडा काढला. मलमलीसारखा विरलेला. चार पोरी चार कोपरे धरून गंजाभोवती उभ्या राहिल्या आणि चंद्र कापडातून गाळून दुधात उतरला. पुण्याच्या ताईंनी विचारलं, "असं चालतं?" आजी म्हणाल्या, "पीठ चाळून घेतो ना आपण? तसाच."

2024 साली मात्र गंजाची परीक्षा झाली. त्या वर्षी कोजागिरी 16 ऑक्टोबरला आली.

16 ऑक्टोबर ही चंद्रपूरची स्वतःची तारीख आहे. 1956 साली बाबासाहेबांनी नागपूरला 14 तारखेला धम्मदीक्षा दिली, हे साऱ्या जगाला ठाऊक. त्यानंतर दोनच दिवसांनी ते इथं आले, तेव्हाच्या चांद्यात, आणि 16 तारखेला इथल्या लोकांना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यामागे पुढाकार. दरवर्षी 15 आणि 16 ला इथल्या दीक्षाभूमीवर माणूस मावत नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून, तेलंगणातूनही लोक येतात. पांढऱ्या साड्या, पुस्तकांच्या पथाऱ्या आणि जागोजाग भोजनदान. आमच्या कॉलनीतली काही घरं दरवर्षी मसालेभात नेतात. कशात? गंजात.

तर सकाळी भात आणि रात्री दूध, आणि गंज एक. मंडळाच्या बैठकीत जरा आवाज चढले. कुणी म्हणालं, दुधाला भाड्याचं भांडं आणा. कुणी म्हणालं, भाताला आणा. दोन्ही बाजूंना भांड्यापेक्षा आणखी काही तरी म्हणायचं होतं, हे सगळ्यांना समजत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. आजींनी कालनिर्णय उतरवून आणलं. पौर्णिमा लागत होती रात्री पावणेनऊच्या सुमारास. "सात वाजेपर्यंत परत आणा," त्या म्हणाल्या. "दोन्ही होते."

गंज सात वीसला आला, ऑटोत, मांडीवर बसून. आतून बाहेरून हळद, लवंग, तेजपान. तीन घरच्या बाया नळावर बसल्या. राख, चिंच, परत राख, मग कढत पाणी. भात नेणाऱ्यांनी घासला, दूध करणाऱ्यांनी धुतला, उलटसुलट वास घेतले. दूध पावणेबाराला तयार झालं. पहिला घोट घेऊन बँकवाले भाऊ थबकले. "काकू, यंदा मसाला वेगळा आहे का जी?" काकूंनी आजींकडे पाहिलं. आजी चंद्राकडे पाहत होत्या. "वेलदोडा नवीन आहे," त्या म्हणाल्या. त्या दुधाची चव अजून काही लोकांना आठवते, आणि 'तो वेलदोडा कुठला' असं विचारणारेही दोघेतिघे आहेत.

दिवाळीत त्याच्या वाट्याला जोखमीचं काम नाही. चिवडा कढईत तळतात आणि गंजात कालवतात, घरोघरचा, पाळीपाळीने. लसणाचा, बिनलसणाचा, साखरेचा. साखरेचा चिवडा कालवताना तोही नाराज असावा, असं माझं मत. पण आमच्या घरचं मत निराळं आहे. पाडव्याला गोवारी ढाल नाचवत गायी घेऊन येतात, त्यांना त्याच गंजातून चिवड्याची ओंजळ मिळते.

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडया भरायला लागतात आणि नाटकांचा हंगाम उघडतो. या रंगभूमीची राजधानी वडसा, म्हणजे देसाईगंज. (तिथला गंज बाजाराचा, आमच्याशी नातं नाही.) मंडईच्या रात्री गावोगाव नाटक, ते पहाटेपर्यंत चालतं. कामं करणारे शेतकरी, मास्तर, शिंपी. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राने झाडीपट्टीकडे जरा मान वळवली. इथल्या माणसाला त्यांची नाटकं आधीच पाठ होती. वेकोलितल्या भाऊंचं गाव त्याच भागात. मंडईला ते छोटा हत्ती करून जातात आणि गंज मागे दोरीने बांधलेला असतो. रात्री दोनच्या अंकानंतर नटमंडळींचा चहा त्यात होतो. राजा, विदूषक आणि खलनायक एकाच गंजातला चहा पितात, आणि दाढी चहात बुडू नये म्हणून खलनायक ती आधी कानाला अडकवतो. परतताना गंजात शिंगाडे. तळ्यातून ताजे काढलेले, गावीच उकडून घेतलेले. शिंगाड्याचा काळा डाग पुढे जानेवारीपर्यंत निघत नाही. आजी तो काढायच्या नादी लागत नाहीत. गंज पालथा झाला की डाग कोण बघतो?

2025 च्या घटस्थापनेला आजी जिन्याखाली वाकल्या, तर तिथं नुसतं वर्तुळ होतं. धुळीत उमटलेलं, अगदी गोल. कालनिर्णयची पानं मागे उलटली. मे: 'गंज – वनवाले.' पुढे 'आला' नाही. वनवाले तर जूनमध्ये बदलीवर अहेरीला गेलेले. फोन लावला. पलीकडून वहिनींचा आवाज, "अगं माय! त्यात तर आम्ही रजया भरून आणल्या. आता तांदूळ आहेत जी त्यात." भांडण नाही, खुलासा नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "तांदूळ काढून घेजो. कोजागिरी सोमवारी आहे."

महाप्रसाद भाड्याच्या स्टीलच्या पातेल्यात झाला आणि भाजी बुडाला लागली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

गंज एसटीने आला. अहेरी, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी. लगेजचं तिकीट काढून, मागच्या सीटवर बसून. स्टँडवर घ्यायला मास्तर आणि वेकोलितले भाऊ गेले होते. भाऊंनी या वेळी बूट घातले होते. तारेच्या कडीला वहिनींनी चारोळीची पुडी बांधून दिली होती, तिकडच्याच जंगलातली, दुधात घालायला. आत डोकावलं तर चार सीताफळं. मोठ्या डोळ्यांची, अजून कडक.

"ही कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

कंडक्टर म्हणाला, "गोंडपिपरीला एक बाई चढली होती. टोपलीतून गडगडत होती, म्हणून तिनं यात ठेवली. उतरताना विसरली वाटते."

आजींनी सीताफळं तांदळात पुरून ठेवली. मग चष्मा लावला, कालनिर्णय खाली घेतलं आणि 6 ऑक्टोबरच्या चौकोनात, कोजागिरीच्या खाली, उरलेल्या जागेत लिहिलं: 'गंज – आला. सीताफळ 4 – गोंडपिपरीची बाई.' आणि पुढे, जराशी थांबून, कंसात: '(द्यायची)'.