भूतकाळ

नात सहावीत आहे, सेमी-इंग्लिशला. परवा दिवेलागणीला वही घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "आजोबा, टेन्सचा अभ्यास दिलाय. भुताचे शब्द घालून वाक्यं करायचीत." मॅडमनी दिलेले शब्द तिनं वाचून दाखवले. घोस्ट, विच, स्केलेटन, ग्रेव्हयार्ड. मी म्हणालो, "ह्या विषयात तुझा आजोबा तयार गडी हाय." तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण माझं जे काही इंग्रजी आहे ते सगळं भुतांनीच शिकवलेलं आहे.

आमचं गाव माण तालुक्यातलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. एबीसीडी गिरवली, दोन-चार कविता पाठ केल्या, पण काळ आला की आमचा घोडा अडायचा. तक्ता पाठ, वाक्य मात्र येत नाही. गो-वेंट-गॉन हे आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. बैलाला दावणीला बांधावं तसे ते तिन्ही शब्द एका जागी उभे. कुणी कुठं जुंपायचा ते ठाऊक नाही.

दहावीची बोर्डाची परीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झालेली. पहिली तुकडी 1975 साली बसली, आम्ही 1976 ला. दिवाळीनंतर आम्ही पोरं रात्री शाळेतच अभ्यासाला आणि झोपायला असायचो. वाकळ, भाकरीचं गठुळं आणि दोघांत एक कंदील. इंग्रजीचे सर कोकणातले, एकटेच, शाळेच्याच एका खोलीत राहायचे. शाळेच्या मागं पिंपळ, त्यावर मुंजा. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आधीच मेला, तो मुंजा. त्यामुळं रात्री लघवीला जायचं झालं तर आम्ही चौघं-पाचजण एकमेकांच्या सदऱ्याला धरून जायचो. सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या रात्री पुस्तक मिटून म्हणाले, "मुंजा कुठं राहतो रे?"

"पिंपळावर, सर."

"इंग्रजीत सांग."

"मुंजा लिव्ह ऑन पिंपळ."

"एकटाच आहे ना? मग एस लाव. लिव्हज." मग त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. द घोस्ट कम्स. द घोस्ट्स कम. म्हणाले, "एस हे झाडं बदलणारं भूत आहे. भूत एकटं असलं की एस क्रियापदाच्या मानगुटीवर बसतो. भुतं जास्त झाली की तिथनं उडी मारून त्यांच्याच अंगात शिरतो. एका वेळी एकच झाड." पाच वर्षं जे डोक्यात गेलं नव्हतं ते त्या रात्री गेलं, ते आजवर निघालेलं नाही.

पुढं रोज रात्री हेच. सर कोकणातला वेताळ सांगायचे, आम्ही आमच्याकडचा चकवा सांगायचो, आणि सगळं इंग्रजीत करायचं. समवन नॉक्स म्हटलं तर कुणीतरी रोजच कडी वाजवतं, त्यात भ्यायचं काय? समवन इज नॉकिंग म्हटलं की आत्ता, ह्या घटकेला वाजवतंय. अंगावर काटा आयएनजीनं येतो, असं सर म्हणायचे. आय वॉज वॉकिंग, समथिंग टच्ड मी. चालणं लांबलचक चाललेलं, त्यात मधेच काहीतरी शिवलं. भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ तर त्यांनी एका वाक्यात बसवला. द लॅम्प हॅड गॉन आउट बिफोर द घोस्ट केम. आधी कंदील विझला, मग भूत आलं. आधी घडलं त्याला हॅड.

एकदा गण्यागत एका पोरानं विचारलं, "सर, भूतकाळात भूत का हाय?" सर म्हणाले, "भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. संस्कृतातला शब्द. हडळ-खवीस नंतर आले." आम्ही हसलो. मला मात्र हसू आलं नाही.

त्याला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वडलांनी मळ्यात नवी विहीर धरली. आई खडी फोडायला जायची, तिथली सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ह्यावर घर चाललेलं. विहिरीत वडील आणि माझा थोरला भाऊ. मी वर यारीजवळ असायचो. सुरुंगाचा बार उडाला की दादा खाली उतरायचा, घमेली भरायचा. सहाव्या परसाला एक दरड सुटी झालेली कुणाला दिसली नाही. ती आली तेव्हा दादा खाली होता. अठरा वर्षांचा होता.

वडलांनी महिनाभर विहिरीकडं तोंड केलं नाही. मग पुन्हा उतरले. त्याच जागेच्या खाली दीड परसावर पाणी लागलं, गोड पाणी. पण गावात बोलणं सुरू झालं की तिथं दिवस मावळला की खाली घमेलं वाजतं, दादा विहिरीतच आहे. गडी संध्याकाळी मोट सोडून लवकर जायचे. मी तर दिवसासुद्धा आत डोकावत नव्हतो. दादा मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा, त्याचीच मला भीती वाटायची, आणि त्या भीतीची लाज वाटायची. हे कुणाला सांगता येत नव्हतं.

तर सरांनी एक दिवस गृहपाठ दिला. आपल्या माहितीतल्या भुताटकीच्या जागेवर पाच वाक्यं. मी पहिलंच वाक्य लिहिलं : माय ब्रदर लिव्हज इन अवर वेल. पुढं चार वाक्यं सुचली नाहीत.

सरांनी वही वाचली. वर्गात काही बोलले नाहीत. सुट्टीत दुसऱ्या पोरांकडनं त्यांनी माहिती काढली असावी. रविवारी दिवस कलताना कंदील घेऊन आमच्या मळ्यात आले. "चल, तुझी विहीर दाखव."

आम्ही काठावर बसलो. अंधार पडला. माझे पाय लटपटत होते. खालून फडफड झाली, मी सरांचा हात धरला. दोन पारवे वर आले आणि गेले. मग काही नाही. नुसतं पाझराचं पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "तुझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. एस पण बरोबर लावलास. चूक काळाची आहे."

मी म्हणालो, "लिव्हड."

"तो विहिरीत राहत कुठं होता? राहत तर घरात होता. इथं त्यानं काय केलं?"

"खणली."

"डिग-डग-डग. कर वाक्य."

मी केलं. माय ब्रदर डग धिस वेल. म्हणताना गळा दाटला. सर थांबले, मग म्हणाले, "आता आपण काय करतो ते सांग. रोज करतो ते." मी म्हणालो, वी ड्रिंक इट्स वॉटर. सरांनी पोहऱ्यानं पाणी काढलं, आधी मला पाजलं, मग स्वतः प्याले. कंदील माझ्या हातात देऊन "मी पुढं जातो, तू मागनं ये," म्हणाले आणि खरंच अंधारात चालू लागले. मी एकटा घडीभर तिथं बसलो. भीती गेली असं नाही, पण बसता आलं.

घरी येऊन मी आईला मराठीत सांगितलं, दादानं विहीर खणली आणि आपण तिचं पाणी पितो. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्यात नवीन काय सांगतुयास? मी रोज तेच पाणी शेंदून आणती न्हवं." खरंच, गाव भीत होतं, मी भीत होतो, पण आई तिन्हीसांजेलाही तिथूनच घागर आणायची. तिचं पोर होतं, तिला कसली भीती? मात्र ती शेवटपर्यंत दादाला 'गेला' म्हणाली नाही. 'गेलाय' म्हणायची. इंग्रजीत त्याला हॅज गॉन. गेलाय आणि अजून आलेला नाही. तो काळ सुधारायला मी कधी गेलो नाही.

इंग्रजीत मला 41 मार्क पडले. पुढं शिकायची ऐपत नव्हती, मळा धरला. सरांची बदली झाली, पुन्हा भेट नाही.

नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. एस उडी मारतो ते सांगितलं, कंदिलाचं वाक्य सांगितलं. ती खूश झाली. तिला मुंजा माहीतच नव्हता. पिंपळ रस्त्यात गेला, आणि विहिरीवर आता मोटारीच्या पेटीजवळ रात्रभर दिवा असतो. शेवटी एक वाक्य राहिलं. ती म्हणाली, "साधा भूतकाळ पाहिजे, आजोबा. आपल्या इथलं काहीतरी सांगा."

मी म्हणालो, "लिही. डिग-डग-डग."

तिनं वाक्य लिहून घेतलं आणि पेन्सिल थांबवून विचारलं, "पण ह्यात भूत कुठंय?"

म्हटलं, "बस जरा. पाणी आण आधी, मग सांगतो."