गॅस राखताना

एप्रिल लागला की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "गॅस संपलाय, तेवढा भरून जा." मी विचारतो, गेल्या वर्षी भरला होता का? भरला होता. त्याच्या आदल्या वर्षी? तेव्हाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, घरातली कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, या बंद वाटेवर तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला आहे. ती जागा न शोधता वरून भरायचा म्हणजे ग्राहकाच्या पैशानं हवेत सोडायचा. हे मी स्पष्ट सांगतो. काही जण मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात; त्याला माझा इलाज नाही.

मुंबई-ठाण्यात खाडी किंवा उघडा नाला जवळ असलेल्या घरात शिरलो की माझी नजर आधी देवघराकडे जाते. चांदीचं निरांजन घासून ठेवलं तरी लगेच काळवंडतं का, एवढं विचारलं की निम्मं निदान होतं. नाल्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो, आणि तोच कॉइलच्या तांब्यालाही खातो. भोकं इतकी बारीक पडतात की डोळ्यांना दिसत नाहीत. पण गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे ओशट डाग राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. बोट फिरवलं की कळतं. डाग सापडलाच नाही, तर उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब भरायचा आणि साबणाचं पाणी लावून बसायचं. मोठं लीक लगेच फसफसतं; बारीक लीक एक बुडबुडा फुगवायला काही मिनिटं घेतं, आणि तेवढी मिनिटं थांबायची तयारी नसेल तर ते सापडत नाही.

दाब द्यायचा तो नायट्रोजनचाच, आणि तोही रेग्युलेटर लावून. ब्रेझिंगच्या सेटला ऑक्सिजनची बाटली जोडलेलीच असते, म्हणून काही जण घाईत तीच लावतात. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. गॅसनं भरलेल्या पाइपवर ज्योत धरणंही तितकंच घातक. जुन्या मशीनमधला आर-२२ गॅस उरलेला असेल तर त्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. नव्या मशीनमधल्या आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, पण त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, आणि तो फुफ्फुसं जाळतो. नाकाला झोंबणारा वास आला की ज्योत बंद करायची आणि आधी बाहेर पडायचं. सांधा नंतर बघू.

माझ्या हाताखालच्या मुलांना मी सगळ्यात जास्त वेळा समजावतो ते पंप डाउन. घर बदलताना एसी काढायचा तर आधी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये, म्हणजे आउटडोअरमध्ये, गोळा करतात. पातळ पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं बंद करायचा, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, जाड पाइपवर लावलेल्या गेजचा काटा शून्याच्या जवळ आला की तोही व्हॉल्व्ह बंद करून वीज तोडायची. दोन-चार मिनिटांचं काम. सोपं दिसतं म्हणूनच माणसं गेज लावत नाहीत, कानानं आणि अंदाजानं करतात. पण पाइपला कुठे लीक असेल आणि काटा शून्याखाली गेला, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढायला लागतो. नळ्यांत गॅसऐवजी हवा, तिच्यात तेलाची वाफ, आणि दोन्ही मिळून जबर दाबाखाली तापत जातात. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटतं ते याच कारणानं. तसंच इथेही पेटतं, आणि कॉम्प्रेसरचं लोखंडी कवच फाटतं. त्या वेळी कारागीर छज्ज्यावर, आउटडोअरला अगदी खेटून उकिडवा बसलेला असतो. अशा स्फोटांत माणसं गेली आहेत. बातमीत "एसीच्या गॅसचा स्फोट" असं येतं, पण घात केलेला असतो आत गेलेल्या हवेनं.

म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला काही गोष्टी पाळाव्याच लागतात. गेजशिवाय पंप डाउन नाही. कॉम्प्रेसर चालू असताना कुठल्याही नटाला पाना लावायचा नाही. गॅस आधीच कमी असेल किंवा लीकचा संशय असेल, तर पंप डाउन करायचंच नाही; रिकव्हरी मशीननं गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. हॉट अँड कोल्ड मशीन असेल तर आधी ते कूलिंगवर आणायचं, कारण हीटिंगवर जाड पाइपमध्ये चढा दाब असतो आणि सगळा हिशेबच उलटतो.

जुन्या लोकांचा हात आर-२२ वर बसलेला आहे. सक्शनला पासष्ट-सत्तर पीएसआय दिसलं की त्यांना बरं वाटतं. आर-३२ वर तोच काटा एकशेवीसच्या आसपास असतो, आणि भर उन्हात बंद उभ्या मशीनमध्ये तीनशेच्याही वर. जुने होज आणि जुने गेज इथे चालत नाहीत. शिवाय आर-३२ पेटतो. सहजी नाही, हवेत त्याचं प्रमाण १४ टक्क्यांच्या वर जावं लागतं. दीड टनाच्या मशीनमधला आठशे ग्रॅम गॅस म्हणजे साधारण पावणेचारशे लिटर वायू. मोकळ्या खोलीत तेवढा विरून जातो. पण तो हवेहून जड असल्यानं खाली साचतो, आणि खिडकी नसलेल्या डक्टमध्ये किंवा बंद युटिलिटीत त्याच पावणेचारशे लिटरचा अर्थ बदलतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याला तर २ टक्के पुरतात. शिरवळच्या गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून प्रोपेनचे स्प्लिट एसी बनले. तापमानवाढीच्या बाबतीत हा गॅस जवळपास निरुपद्रवी आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. पण तो हाताळायचा तर आजूबाजूला स्विचची ठिणगीसुद्धा चालत नाही. दारं-खिडक्या सताड उघड्या, लीक डिटेक्टर जमिनीजवळ चालू, आणि मगच पाना.

नवीन मशीन बसवताना एक वाईट सवय सर्रास दिसते. व्हॅक्यूम पंप चौथ्या मजल्यावर न्यायचा कंटाळा येतो, म्हणून आउटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलतात. हवा थोडीफार जाते, ओल जात नाही. कोकणपट्टीतल्या जुलैच्या हवेत पाइप उघडा राहिला तर आत किती दमटपणा शिरत असेल! आजच्या मशीनमधलं तेल पाणी शोषतं, त्यातून आम्ल होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरची वाइंडिंग जाते. मायक्रॉन गेज ५०० च्या खाली आला, पंप बंद केल्यावरही तिथेच टिकला, की व्हॅक्यूम झाला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं पंप चालवणं याला मी व्हॅक्यूम म्हणत नाही.

हवेत सोडलेला गॅस दिसत नाही, वास येत नाही. पण तापमानवाढीच्या हिशेबात एक किलो आर-४१०ए म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड. आर-२२ त्याहून थोडाच कमी, वर ओझोनलाही मारक. आर-३२ चा आकडा ६७५ पट, म्हणजे त्या आठशे ग्रॅमचेही पाचशे किलोच्या वर होतात. २०१६ च्या किगाली कराराप्रमाणे भारत एचएफसी गॅसचा (आर-३२, आर-४१०ए त्यातलेच) वापर २०२८ ला गोठवेल, २०३२ पासून कमी करत जाईल, २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करेल. ते कागद सरकारचे. छज्ज्यावर व्हॉल्व्हची किल्ली ज्यांच्या हातात असते, ते मात्र आम्हीच असतो, आणि तिथे तपासायला कुणी येत नाही.

काढलेला गॅस ज्या सिलिंडरमध्ये घेतो, तो ८० टक्क्यांपुढे भरत नाही, कारण उन्हात द्रव फुगतो आणि सिलिंडर फाटू शकतो. म्हणून वजनकाटा कायम खाली असतो. दोन वेगळे गॅस एका सिलिंडरमध्ये कधी नाहीत. मिसळलेला गॅस पुन्हा कुणाच्याच कामाचा राहत नाही. या सगळ्याला तासभर जास्त लागतो, आणि तो तास मी बिलात वेगळ्या ओळीवर लिहितो. ग्राहक हुज्जत घालतात. मी ती ओळ खोडत नाही, कारण ती खोडली की पुढचा प्रत्येक कारागीर गॅस हवेतच सोडणार.

भरतानाही काट्यावर ठेवून, मशीनच्या पाटीवर लिहिले आहेत तितकेच ग्रॅम भरतो. मग आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवतो: तारीख, गॅस कोणता, किती ग्रॅम, लीक कुठे होतं, व्हॅक्यूम कितीपर्यंत गेला. पुढच्या वेळी झाकण उघडणारा कदाचित दुसराच कुणी असेल. त्याला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.