दाण्यांची परडी

आमच्या मैंदर्गीच्या घरांत धाकट्या बंधूंचा मुलगा आठव्या वर्षींहि सदऱ्याची गुंडी लावूं शकत नसे. पाहुणे आले कीं त्यास माजघरांत बसविण्यांत येई; या पातकांत आमचाहि वाटा होता, हें कबूल केलेंच पाहिजे.

पुढें वाचनांत आलें, कीं एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें सेगँ यांनीं अशाच मुलांची बुद्धि हाताच्या वाटेनें जागविली. माँटेसोरीबाईंनीं तोच मार्ग धरून १९०७ सालीं रोममध्यें बालगृह काढलें. आणि बोर्डीस ताराबाई मोडकांनीं बिया, खडे, शिंपले यांचींच साधनें केलीं.

मग आमच्या मातोश्रींनीं ज्वारी व तूर मिसळून परडी त्याच्यापुढें ठेविली. चिमटीनें दाणे निवडणें, पिठांत बोटानें रेघा ओढणें, कणीक मळणें, वाती वळणें, असा रोज अर्ध्या तासाचा क्रम चालला. हळूहळू बोटांस दाण्यांचा भेद कळूं लागला, चिमटीस बळ आलें.

वर्षानें एके सकाळीं त्यानें स्वतः गुंडी लावली. चांगला पाव तास लागला. पण कोणी मदतीस धांवलें नाहीं.

वाचकांच्या घरीं असें मूल असल्यास त्यास लपवूं नये. परडी पुढें ठेवावी, आणि आपण थांबावयास शिकावें. आम्हांस तें फार उशिरां साधलें.